हाताने फायबर घडवताना : रेझिन, मॅट आणि पहिला साचा

प्लास्टिकची बादली बनवणाऱ्याच्या हातात दाणे येतात तेव्हा त्यांतले पॉलिमर आधीच तयार झालेले असते. रासायनिक क्रिया पेट्रोकेमिकल कारखान्यात केव्हाच उरकलेली असते. मोल्डिंगवाला ते दाणे फक्त वितळवतो, दाबाने साच्यात भरतो आणि थंड करतो. नग बिघडला तर त्याचा चुरा करून पुन्हा वितळवता येतो. फायबरच्या कामात तसे नाही. डब्यातून येते ते अर्धवट पॉलिमर. उरलेली क्रिया तुमच्या ब्रशखाली, तुमच्या शेडमध्ये, त्या दिवशीच्या हवेत घडते आणि एकदा घडली की उलटत नाही. म्हणून या कामात हाताची सफाई नंतर येते. आधी लागतात वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ.

हा लेख 'हँड ले-अप' पद्धतीपुरता आहे, म्हणजे साच्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, ती पॉलिएस्टर रेझिनने भिजवायची आणि रोलरने हवा काढायची. कोकणातल्या मच्छीमार होड्या, रसायनांच्या टाक्या, छपराचे पन्हळी पत्रे, बसचे बंपर, बागेतल्या घसरगुंड्या, मूर्तींचे साचे ही सगळी याच घराण्यातली कामे. यंत्रे फार लागत नाहीत, त्यामुळे सुरुवात सोपी वाटते. चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

डब्यात नेमके काय असते

नेहमीचे रेझिन म्हणजे असंपृक्त पॉलिएस्टर. मॅलेइक ॲनहायड्राइड, थॅलिक ॲनहायड्राइड आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल तापवून आखूड साखळ्या बनवतात आणि त्या स्टायरीनमध्ये विरघळवतात. डब्यात साधारण ३५ ते ४५ टक्के स्टायरीन असते. नाकात शिरणारा तो वास त्याचाच. साखळ्यांमध्ये जागोजागी दुहेरी बंध असतात. क्रिया सुरू झाली की स्टायरीनचे रेणू एका साखळीपासून दुसरीपर्यंत पूल बांधत जातात आणि शेवटी सगळा माल एकच त्रिमितीय जाळे होऊन बसतो. म्हणून तो नंतर वितळत नाही, फक्त जळतो.

पूल बांधायला सुरुवात करून देते पेरॉक्साइड, म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड). बाजारात त्याला 'हार्डनर' म्हणतात आणि या नावाने नवख्यांचा घात होतो. दोन नळ्यांच्या इपॉक्सीमध्ये हार्डनर हा जाळ्याचाच भाग असतो, म्हणून तो ठरल्या प्रमाणात, कधी अगदी निम्मे-निम्मे घालावा लागतो. पॉलिएस्टरमध्ये एमईकेपी फक्त ठिणगी टाकते, म्हणून १ ते २ टक्के पुरते. इपॉक्सीच्या सवयीने हात सैल सोडला तर डबा धुमसू लागतो.

खोलीच्या तापमानाला एमईकेपी स्वतःहून पुरेशी फुटत नाही. तिला फोडते कोबाल्ट. हा गडद जांभळा द्रव म्हणजे ॲक्सलरेटर. अनेक दुकानांत कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिन मिळते. ते किंचित गुलाबी दिसते, पण रंगावर विसंबू नका, विचारून घ्या. कोबाल्ट वेगळे मिळाले तर बाटलीवर धातूचे प्रमाण वाचा. ते १, ३ किंवा ६ टक्के असू शकते आणि त्यानुसार मात्रा कितीतरी पटीने बदलते. १ किलो रेझिनला ६ टक्केवाले साधारण २ ग्रॅम पुरते, १ टक्केवाले १२ ग्रॅमच्या आसपास लागते. 'थोडे कोबाल्ट टाका' या सांगण्याला म्हणूनच काही अर्थ नसतो.

रेझिनच्या जातींबद्दल थोडक्यात. ऑर्थो हे सर्वांत स्वस्त. सजावटीला, झाकणांना, शिकण्याला ते ठीक आहे. सतत पाण्यात किंवा उन्हात राहणाऱ्या वस्तूला आयसो घ्या. आम्ल, क्षार, ब्लीच यांच्या टाक्यांना व्हिनाइल एस्टर लागते. होडीच्या बाहेरच्या थरांत ऑर्थो वापरून किलोमागे काही रुपये वाचतात आणि काही वर्षांनी जेलकोटखाली, म्हणजे बाहेरच्या रंगीत थराखाली, पाण्याचे फोड येतात. माझ्या मते ही बचत करूच नये.

दोन बाटल्या, दोन कपाटे

पुढच्या दोन गोष्टी पाठ होईपर्यंत सामान विकत घेऊ नका.

पहिली : कोबाल्ट आणि एमईकेपी यांचा एकमेकांशी थेट संबंध कधीही येता कामा नये. दोन्ही एकत्र झाले तर क्षणात पेट किंवा स्फोट होतो. एकच मापक, एकच काडी, एकच फडकेसुद्धा दोन्हींना चालत नाही. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून दोन मिनिटे नीट ढवळा. ते पूर्ण मिसळल्यावरच, आणि काम सुरू करण्याच्या ऐन वेळी, एमईकेपी घाला. बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा. एमईकेपी तिच्या मूळ प्लास्टिक बाटलीतच, सावलीत, ३० अंशांच्या खाली राहिली पाहिजे. धातूच्या डब्यात ओतू नका आणि मापकात उरलेली परत बाटलीत टाकू नका.

दुसरी : डोळे. एमईकेपीचा एक थेंब बुबुळावर गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बाजूने बंद असलेला गॉगल घातल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडायचे नाही. थेंब उडालाच तर त्याच सेकंदाला पाण्याखाली जा, पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटे धुवा आणि मग डॉक्टरकडे. आधी दवाखाना गाठून तिथे धुऊ, असे करू नका. तोवर उशीर झालेला असतो. कामाच्या जागेपासून दहा पावलांवर वाहते पाणी नसेल तर भरलेले पिंप आणि पाणी ओतायला तांब्या तरी ठेवाच.

स्टायरीनची वाफ ३१-३२ अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते, म्हणजे मे महिन्यात शेडमध्ये कायमच. ॲसिटोन तर थंडीतही पेटते. विडी-सिगारेट, वेल्डिंग, ग्राइंडरच्या ठिणग्या यांना त्या जागेत प्रवेश नाही. या वाफा हवेपेक्षा जड असतात, म्हणून पंखा छताला लावून उपयोग नाही. जमिनीलगत हवा बाहेर ओढली गेली पाहिजे. तोंडाला सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क स्टायरीन अडवत नाही. उलट घासकामाच्या वेळी धुळीचा मास्क हवाच. कोरड्या पावडरचा अग्निशामक दाराजवळ ठेवा. एमईकेपी सांडली तर त्यावर लाकडाचा भुसा टाकू नका, तो पेटू शकतो. ओलसर वाळू टाकून गोळा करा.

सामान

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणि ५ किलोचा मोठा काटा. ५ आणि १० मिलिलिटरच्या सिरिंज, त्यांवर एमईकेपीची खूण. ५० आणि ७५ मिमीचे स्वस्त ब्रश. खाचांचा स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा रोलर, ज्याला कामगार 'बबल रोलर' म्हणतात. पसरट प्लास्टिक तसराळी, धारदार कटर, नायट्रिल हातमोज्यांचा डबा, ॲसिटोन, कार्नौबा वॅक्स, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल). आणि चोप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर लांबीच्या काचतंतूंचे बांधलेले कापड. तिची जाडी चौरस मीटरच्या वजनावरून ओळखतात. ३०० आणि ४५० ग्रॅमच्या मॅट घ्या. मॅटमधले तंतू बांधून ठेवणारे द्रव्य म्हणजे बाइंडर. मॅट घेताना ती पावडर बाइंडरची आहे की इमल्शनची, ते विचारा. दमट भागात किंवा पाण्यात राहणाऱ्या वस्तूला पावडर बाइंडर चांगला.

मॅटची गुंडाळी नेहमी प्लास्टिकमध्ये बंद आणि जमिनीपासून उंचावर ठेवा. डोळ्यांना कोरडी दिसणारी मॅट पावसाळ्यात ओल धरून बसते आणि तीच ओल पुढे थरांमध्ये पांढरट डाग होऊन दिसते.

पहिली पायरी : कपातली चाचणी

साच्याला हात लावण्याआधी, आणि पुढे प्रत्येक नवा डबा उघडल्यावर, ही चाचणी करा. कागदी कपात १०० ग्रॅम रेझिन घ्या, खोलीचे तापमान लिहा, १.५ ग्रॅम एमईकेपी घालून एक मिनिट ढवळा आणि घड्याळ लावा. दर दोन मिनिटांनी काडीने उचलून बघा. काडीमागे तार यायची थांबून जेलीसारखा गोळा उचलला गेला की ती वेळ 'जेल टाइम'. नवशिक्याला २० ते २५ मिनिटे मिळाली तर काम निवांत होते.

कप तसाच सिमेंटच्या फरशीवर उघड्यावर राहू द्या. जेल झाल्यावर काही मिनिटांत तो इतका तापतो की आतले तापमान १५० अंशांच्या वर जाऊ शकते, रेझिन तडकते, कधी धूर येतो. साच्यावर पातळ पसरलेल्या थरात हीच उष्णता हवेत निघून जाते, कपात मात्र ती कोंडते. उरलेले रेझिन खोल बादलीत का ठेवायचे नाही आणि एका दमात सात-आठ थर का टाकायचे नाहीत, ते हा कप बघून जितके पटते तितके सांगून पटत नाही.

तापमान १० अंशांनी वाढले की जेल टाइम ढोबळमानाने निम्मा होतो. सकाळी २४ मिनिटे देणारा माल दुपारी १२ मिनिटेच देतो.

दुसरी पायरी : काचेवरचा तुकडा

३० बाय ३० सेंटिमीटरचा सपाट तुकडा जाड काचेवर किंवा सनमायकावर बनवा. क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर. ४५० च्या मॅटचे तीन थर म्हणजे काच साधारण १२२ ग्रॅम. चोप्ड मॅटला काचेच्या अडीच पट रेझिन लागते, म्हणजे ३०५ ग्रॅम. ब्रशला आणि तसराळ्याला चिकटणारे धरून ३३० ग्रॅम घ्या. दीड टक्क्याने एमईकेपी ५ ग्रॅम, सिरिंजमध्ये सुमारे साडेचार मिलिलिटर. ४५० चा एक थर साधारण १ मिमी जाडी देतो, तेव्हा तुकडा ३ मिमीच्या आसपास भरायला हवा. ४ मिमी भरला तर तुम्ही रेझिन ओतलेत, हवा काढली नाहीत. ताकद काचेची असते. जास्तीचे रेझिन वजन वाढवते आणि तडे देते.

असे तीन तुकडे करा : एक १ टक्का, एक दीड टक्का आणि एक २ टक्के एमईकेपीचा. मागे मार्करने तारीख, तापमान आणि प्रमाण लिहा. पुढे एखादे काम बिघडले की हे तुकडे शेजारी धरून कारण शोधता येते.

साचा

पहिल्या साच्यासाठी सनमायका लावलेल्या प्लायवुडचा उथळ ट्रे करा. आतून ६० बाय ४५ सेंटिमीटर, खोली १०, वर चारी बाजूंनी ३ सेंटिमीटरची पट्टी. भिंती सरळ उभ्या ठेवू नका. ३ ते ५ अंश बाहेर झुकवा, नाहीतर नग अडकतो. आतल्या कोपऱ्यांना प्लॅस्टिसिनने ६ ते १० मिमीची गोलाई द्या. मॅट काटकोनात बसत नाही. ती कोपऱ्यात ताणली जाऊन मागे पोकळी राहते आणि पहिल्या धक्क्याला तिथला जेलकोट फुटतो.

थर्माकोलवर थेट पॉलिएस्टर लावू नका. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि रेझिनमधले स्टायरीन त्याचेच मूळ द्रव्य. ते थर्माकोलला काही मिनिटांत विरघळवते. देखाव्याची कामे करणाऱ्यांचे मोठमोठे आकार असे डोळ्यांदेखत बसतात. पीयू फोम वापरा, किंवा थर्माकोलला आधी इपॉक्सीचे पूर्ण आवरण द्या. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्याची अडचण वेगळी, ती ओलाव्याची. तो आतपर्यंत वाळवून शेलॅक किंवा लॅकरचे दोन-तीन हात देऊन छिद्रे बंद करावी लागतात.

नव्या साच्याला वॅक्सचे निदान पाच-सहा हात हवेत. प्रत्येक हात पातळ लावा, सुकू द्या, मऊ कपड्याने चकाकी येईपर्यंत पुसा आणि तासभर थांबून पुढचा द्या. सगळे हात दहा मिनिटांत उरकले तर नवे वॅक्स जुने उचलते आणि शेवटी एकच थर उरतो. त्यावर स्पंजने पीव्हीएचा पातळ हात द्या. पीव्हीए हेही पॉलिमरच, पण पाण्यात विरघळणारे. त्याचा पारदर्शक पडदा साचा आणि रेझिन यांच्यात उभा राहतो आणि शेवटी पाण्याने धुऊन निघतो. तो २० ते ३० मिनिटांत सुकतो, पावसाळ्यात जास्त वेळ घेतो. ओल्या पीव्हीएवर जेलकोट लावला तर त्यात माशाच्या डोळ्यांसारखी छिद्रे पडतात. वॅक्सच्या डब्यावर 'सिलिकॉन' दिसले तर तो घेऊ नका.

जेलकोट

वस्तूचा बाहेरून दिसणारा रंगीत पृष्ठभाग म्हणजे जेलकोट, आणि सगळ्या कामात नाजूक पायरी हीच. जाडी ०.४ ते ०.६ मिमी पाहिजे, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६०० ग्रॅम. आपल्या ट्रेचे क्षेत्र पट्टीसह ०.५५ चौरस मीटर भरते. ३३० ग्रॅम लागतील, ४०० घ्या. रंगाची पेस्ट १० टक्क्यांच्या वर घालू नका, जास्त रंगाने क्रिया मंदावते. एमईकेपी २ टक्के, म्हणजे ८ ग्रॅम. हळूहळू ढवळा, जोरात फेटले तर बारीक हवा आत शिरते.

ब्रशने दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. पहिला जेल झाल्यावरच दुसरा. थर ०.३ मिमीपेक्षा पातळ राहिला तर तो पूर्ण घट्ट होत नाही. मग वर पडलेल्या रेझिनमधले स्टायरीन त्यात शिरते, तो फुगतो आणि मगरीच्या कातड्यासारख्या सुरकुत्या पडतात. ०.८ मिमीच्या वर गेला तर ठिसूळ होऊन तडकतो. उन्हात जेलकोट लावू नका. स्टायरीन उडून जाते आणि पूल बांधायला द्रव्यच उरत नाही.

पुढे केव्हा जायचे ते बोट सांगते. साच्याच्या पट्टीवर, वस्तूचा भाग नसलेल्या जागी, हातमोज्याचे बोट टेकवा. चिकट लागावे, पण रंग बोटाला येऊ नये. साधारण ४५ मिनिटे ते दोन तासांत ही अवस्था येते. रात्रभर ठेवून सकाळी मॅट घालू म्हणाल तर जेलकोट आकसून साच्यावरून सुटू शकतो आणि त्यावर धूळही बसते.

थर चढवणे

ट्रेसाठी आधी ३०० ची एक मॅट, मग ४५० च्या दोन. एकूण १२०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे काच ६६० ग्रॅम; कातरण धरून ७५० ग्रॅम कापा. रेझिन १,६५० ग्रॅम, वाया जाणारे धरून १.८ किलो. दीड टक्क्याने एमईकेपी एकूण २७ ग्रॅम. हे सगळे एकदम कालवायचे नाही. ६०० ग्रॅमच्या तीन खेपा करा, प्रत्येकीत ९ ग्रॅम एमईकेपी. मॅटचे सगळे तुकडे आधीच कापून क्रमाने मांडून ठेवा, कारण एमईकेपी पडल्यावर कात्री हातात घ्यायला वेळ नसतो.

जेलकोटवर आधी रेझिनचा हात द्या, मग त्यावर ३०० ची मॅट टेकवा. रेझिन खालून वर चढले की हवेला वर निघायला वाट मिळते. कोरड्या मॅटवर वरून ओतले तर हवा खाली कोंडते. ब्रश ओढू नका, टोकाने ठोका, म्हणजे तंतू सरकत नाहीत. आता दोन-तीन मिनिटे थांबा. स्टायरीन बाइंडर विरघळवते, मॅट मऊ पडते, पांढरी होती ती पारदर्शक होते आणि कोपऱ्यात आपोआप बसते. घाई करणारा याच दोन मिनिटांत आणखी रेझिन ओततो. मग रोलर मध्यापासून कडेकडे सावकाश फिरवा. जोरात फिरवला तर रेझिन उडते आणि नवी हवा आत ओढली जाते.

पहिली पातळ मॅट जेल होऊ द्या. बोटांनी चाचपून उभे तंतू आणि बुडबुडे कटरने काढा आणि मगच ४५० च्या दोन मॅट एकापाठोपाठ घाला. जेलकोटच्या लगतच एक बुडबुडा राहिला तर तेवढी जागा पुढे उन्हात फुटते. जोड येईल तिथे ५ सेंटिमीटर चढवा आणि मॅटची कड कापण्याऐवजी हाताने फाडा, म्हणजे जोडाची रेघ उमटत नाही.

तसराळ्यातले रेझिन घट्ट होऊ लागले की ते सोडून द्या. ॲसिटोन घालून पातळ करण्याचा मोह फार होतो. ॲसिटोन जाळ्यात सहभागी होत नाही, आत अडकून राहते आणि थर कायमचा मऊ राहतो. जेल सुरू झालेल्या रेझिनला ते परतही आणत नाही.

शेवटचा थर रबरासारखा लवचीक असताना, जेलनंतर साधारण अर्धा ते एक तासाने, बाहेर आलेली मॅट कटरने सुरीसारखी कापली जाते. ही वेळ चुकली की ग्राइंडर आणि काचेची धूळ. धूळ अंगाला लागली तर चोळू नका. आधी पाण्याने धुवा.

काढणे

२४ तास थांबा. पावसाळी थंड दिवसांत ३६ ते ४८. कडेने लाकडी किंवा नायलॉनच्या पाचरी हळूहळू चारी बाजूंनी ठोका, फटीत पाणी सोडा. पीव्हीए विरघळते आणि नग सुटल्याचा आवाज येतो. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर साच्यावर ओरखडा उठतो आणि तो पुढच्या प्रत्येक नगावर छापला जातो. लवकर काढलेला नग हातात घट्ट वाटतो, पण आतली क्रिया अजून चालू असते. तो नंतर पिळवटतो. जाळे जुळताना माल घनफळाने साधारण ५ ते ८ टक्के आकसतो आणि हे आकसणे साच्यात असतानाच व्हायला हवे. पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो. घाई असेल तर ८० अंशांवर तीन तास भट्टीत ठेवून ते काम उरकता येते.

वरची बाजू दोन दिवसांनीही चिकट राहिली तर घाबरू नका. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरची क्रिया थांबवतो, म्हणून उघडी बाजू चिकट राहणे पॉलिएस्टरला साहजिकच आहे. शेवटच्या हाताच्या रेझिनमध्ये स्टायरीनमध्ये विरघळवलेले पॅराफिन मेण २ ते ५ टक्के घातले की ते वर तरंगून हवा अडवते. मात्र ते शेवटच्याच हातात. मधल्या थरात मेण गेले तर त्यावरचा थर पुढे कागदासारखा सुटतो. तसे झालेच तर खडबडीत पॉलिश पेपरने घासून मेण पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऊन, थंडी, पाऊस

मे महिन्यात ३८-४० अंशांना काम आवरत नाही म्हणून एमईकेपी अर्धा टक्क्यावर आणणारे पुष्कळ. माल जेल होतो, पण पूल बांधायला पुरेशा ठिणग्याच नसतात, आणि नग कायम कच्चा राहतो. १ टक्क्याच्या खाली जायचे नाही. कोबाल्ट कमी करा, विक्रेत्याकडे जास्त जेल टाइमचे रेझिन मागा, खेपा लहान करा, सकाळी सहा ते दहा काम करा. नाशिक-विदर्भाच्या थंडीत उलटा प्रश्न : १५ अंशांच्या खाली काम सुरूच करू नका, आणि डबे आदल्या रात्री उबदार खोलीत आणून ठेवा. उघड्या शेगडीवर रेझिन तापवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

कोकण-गोव्याचा पावसाळा सर्वांत कठीण. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर जेलकोटचे काम पुढे ढकला. पुढे ढकलण्यासारखे नसेल तर बंद खोलीत बल्ब लावून मॅट आदल्या दिवसापासून सुकवा आणि साचा पुसल्यावर ओल धरत नाही ना, ते काचेचा तुकडा ठेवून पाहा.

जुन्या लाकडी होडीला फायबर चढवायचे असेल तर पावसाळ्यानंतर लगेच हात घालू नका. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही. सागात नैसर्गिक तेल असते, त्यावर पॉलिएस्टर काही महिन्यांत सुटते. तिथे इपॉक्सीच वापरा, महाग असले तरी. सुटलेल्या आवरणाखाली पाणी साचून लाकूड बाहेरून न दिसता कुजते. मग समुद्रात जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

नग तपासणे

नाण्याने सगळीकडे टकटक करा. जिथे आवाज भद्द येतो तिथे थर सुटलेला किंवा पोकळ असतो. जेलकोटवर ॲसिटोनचे फडके अर्धा मिनिट चोळा. पृष्ठभाग चिकट झाला तर क्रिया अपुरी आहे. बारकोल कठीणपणामापक मिळाला तर पुरत्या पिकलेल्या पॉलिएस्टरला ३५-४० च्या पुढचा आकडा यायला हवा.

नगात काच किती आहे हे बघायला कातरणीतला तुकडा तोला, ६०० अंशांच्या भट्टीत रेझिन पूर्ण जळू द्या आणि उरलेली काच तोला. १० ग्रॅमच्या तुकड्यात ३ ग्रॅमच्या आसपास काच उरली तर काम बरोबर. जेलकोट असलेला तुकडा घेऊ नका, आकडा खोटा कमी येतो. भट्टी नसेल तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा. छत्रपती संभाजीनगरला प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था सिपेट आहे, तिथे चाचण्या आणि अभ्यासक्रम दोन्ही चालतात. पिण्याच्या पाण्याची टाकी करणार असाल तर नेहमीचे रेझिन चालणार नाही. त्यासाठीच मान्य असलेले रेझिन घ्या, टाकी भट्टीत पिकवा आणि वाफेने किंवा गरम पाण्याने वारंवार धुऊन उरलेले स्टायरीन काढा. वास येत असेपर्यंत टाकी गिऱ्हाइकाला देऊ नका.

दिवस संपताना

ब्रश आणि रोलर जेल होण्याआधी ॲसिटोनमध्ये धुवा. दोन झाकणबंद डबे ठेवले की पहिल्यात मळ निघतो, दुसऱ्यात शेवटची धुलाई होते. हात मात्र ॲसिटोनने धुऊ नका, ते कातडीतले तेल काढते आणि स्टायरीनला आत वाट करून देते. साबण आणि भुसा चोळला की रेझिन निघते. रेझिन-ॲसिटोनची फडकी ढिगात टाकू नका, रात्री आपोआप तापून पेटतात. पाणी भरलेल्या झाकणबंद पत्र्याच्या डब्यात ठेवा. एमईकेपी लागलेले फडके त्यात मिसळायचे नाही. ते भरपूर पाण्याने धुवा आणि प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात ओलेच ठेवा.

उरलेले कच्चे रेझिन गटारात किंवा मोरीत ओतू नका. पसरट तसराळ्यात एक सेंटिमीटरपेक्षा पातळ पसरा, १ टक्का एमईकेपी घालून उघड्यावर घट्ट होऊ द्या. घट्ट झालेला माल आणि कातरण वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि भंगारवालाही घेत नाही. ते वेगळ्या पोत्यात साठवा आणि औद्योगिक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. सिमेंटच्या भट्ट्यांत अशा मालातले रेझिन इंधन म्हणून जळते आणि काच क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या कच्च्या मालात, मिसळते. उघड्यावर जाळले तर काळा, झोंबणारा धूर निघतो आणि काचेचे बारीक तंतू हवेत उडतात.